बुगडीसकट कान

आमच्या ऑफिसातल्या अक्का माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी कानांकडे. कुणाशी ओळख करून दिली की आपण नमस्कार करतो. अक्का मान एकदा इकडे, एकदा तिकडे कलती करून समोरच्याचे दोन्ही कान पाहून घेत आणि मगच "या, बसा" म्हणत. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. कान मात्र एकदा पाहिले की पाहिले. एकदा इंदिरानगरात भाजी घेताना त्या मध्येच थबकल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "ह्या बाईंच्या बहिणीचे कान आपण मोजलेत." मला राहवेना म्हणून मी त्या बाईंना विचारलं. बहीण खरंच आमच्याकडे येऊन गेली होती. अक्का तोवर वांगी निवडायला लागल्या होत्या.

मी पुण्याहून बेंगळुरात मुलाखतीला आलो तेव्हा साहेबांनी माझी पदवी पाहिली आणि अक्कांनी माझे कान. "चपटे आहेत," त्या म्हणाल्या. "भिंतीला पोस्टर चिकटवलंय तसे. कुणाचे? आईचे की वडिलांचे?" पुण्याच्या माणसाला भर मुलाखतीत घराण्याबद्दल असं विचारल्यावर त्याने गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी म्हणालो, "दोघांकडून एकेक घेतलाय." अक्का इतक्या मोकळेपणाने हसल्या की साहेबही हसले. "सरी, हा चालेल," त्या त्यांना म्हणाल्या; सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक. माझी नोकरी माझ्या पदवीने नव्हे, त्या चपट्या कानांनीच लागली असं मी अजूनही मानतो.

आमची कंपनी इंदिरानगरातल्या एका गल्लीत होती, खाली बेकरी आणि वर आम्ही. हेडफोन लावले की गाणं डोक्याच्या आत वाजतं, हा सगळ्यांचा अनुभव. आम्ही करायचो ते असं, की हेडफोनमधलाच आवाज बाहेरून आल्यासारखा वाटला पाहिजे: मागच्या दारातून, खिडकीच्या वरून, डाव्या खांद्याजवळून. त्यासाठी माणसाचं डोकं आणि कान मोजावे लागत. एका खोलीच्या भिंतींना स्पंज लावलेला, मध्ये खुर्ची, खुर्चीभोवती आणि वर स्पीकर. माणसाच्या कानात चिमुकले माइक बसवायचे आणि प्रत्येक स्पीकरमधून एक कुईकुई आवाज सोडायचा. ही खोली अक्कांची. तिथे साहेबांनाही चपला बाहेर काढाव्या लागत. "हलू नका. दाढ काढायला आल्यासारखे बसा," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला बजावत, आणि लोक खरोखर तसेच बसत.

अक्कांचं घराणं कितीतरी पिढ्यांमागे बेंगळुराबाहेर देवनहळ्ळीला आलेलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्ही. त्यांची मराठी ऐकून मला सुरुवातीला वाटायचं की त्या मध्येच दुसऱ्या कुणाशी तरी बोलतायत. "स्वल्प थांब", "अय्यो, ते इरली", "साकु, आता निघ." स्वल्प म्हणजे जरा, इरली म्हणजे असू दे, साकु म्हणजे पुरे. महिन्याभरात मीही "स्वल्प" म्हणायला लागलो आणि पुण्याला फोनवर आईची बोलणी खाल्ली.

आमच्याकडे येण्याआधी त्या यशवंतपूरच्या एका कानाच्या दवाखान्यात होत्या. कारखान्यात यंत्रापाशी उभं राहून राहून कान गेलेली माणसं तिथे यायची. त्यांच्या कानात गुलाबी लगदा भरून साचा घ्यायचा आणि श्रवणयंत्र त्यात बसेल असं करून द्यायचं, हे त्यांचं रीतसर शिकून घेतलेलं काम. पण यंत्र लावूनही ती माणसं एक तक्रार करत, असं अक्का सांगायच्या. "ऐकू येतं, पण कुठून ते कळत नाही म्हणायचे. बायको हाक मारते, मी भलतीकडेच बघतो, म्हणायचे. मी साच्यानं कानाच्या सगळ्या वळ्या बुजवून टाकलेल्या, त्यांना कसं कळणार?" ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. वळ्या न बुजवता ऐकवणारी जागा म्हणून त्या आमच्या कंपनीत आल्या.

पाहुण्यांना हे सगळं समजावून सांगायची त्यांची एक पद्धत होती. पाहुण्याला डोळे मिटायला लावायचे आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवायचा: समोर, मागे, डोक्यावर. पाहुणा बरोबर बोट दाखवायचा आणि खूश व्हायचा. मग त्याच्या कानाच्या वळ्यांमध्ये, भोक मोकळं ठेवून, तो गुलाबी लगदा भरायचा आणि पुन्हा किल्ल्या. आता किल्ल्या डोक्यावर वाजल्या तर पाहुणा समोर बोट दाखवायचा, समोर वाजल्या तर मागे. "डावं-उजवं अजून येतंय बघा," अक्का म्हणायच्या. "ते डोक्याचं काम. डोकं मध्ये भिंत होऊन उभं, अलीकडच्या कानाला आधी आणि मोठं ऐकू येतं, पलीकडच्याला स्वल्प उशिरा आणि बारीक. पण वर-खाली, पुढे-मागे हे वळ्या सांगतात. आवाज त्यांच्यावर आपटून आत जातो. तुमच्या वळ्या तुमच्या मेंदूला पाठ, माझ्या मला." मोठमोठे लोक कानात लगदा भरून हवेत बोटं दाखवत बसलेले पाहणं ही आमची दुपारची करमणूक होती.

मोजायला बसण्याआधी कानातलं सगळं काढून ठेवायचं, हा अक्कांचाच नियम. कुडी, झुमका, मुलांच्या कानातल्या रिंगा, सगळं एका स्टीलच्या वाटीत. कंपनीने सगळ्यात आधी मोजले ते मात्र अक्कांचेच कान, आणि त्यांच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला मोत्यांची बुगडी होती. सासूबाईंनी लग्नात दोन्ही कानांत घातली होती. डावीकडची लग्नाच्या गडबडीतच पडली आणि सासूबाई बरेच दिवस फुगून बसल्या. म्हणून उजवीची फिरकी अक्कांनी अशी काही आवळली की ती पुढे फिरलीच नाही. साहेब म्हणाले, सोनाराकडून काढून आणू. अक्का म्हणाल्या, "कशाला? मी रोज बुगडीसकटच ऐकते. मग बुगडी काढून मोजलेले कान कुणाचे?"

साहेबांनी सोनाराचा नाद सोडला. अक्कांचे कान बुगडीसकट मोजले गेले. कागदावर त्यांच्या उजव्या कानाची रेघ काढली की वरच्या टोकाला, अगदी तीक्ष्ण आवाजांच्या जागी, एक बारीकसा खळगा दिसायचा. तो खळगा म्हणजे बुगडी. पुढे ज्यांचे कान मोजलेले नव्हते अशा सगळ्यांसाठी आम्ही हेच कान वापरू लागलो. कुठल्या कुठल्या गावातली माणसं हेडफोन लावून देवनहळ्ळीच्या एका बाईंच्या कानांनी, मोत्याच्या बुगडीसकट, ऐकत होती. त्यांच्या गावीही ते नव्हतं.

माझं काम ऐकून सांगायचं: हा आवाज कुठून आला, तो कुठून. आणि नेमकं तेच मला जमेना. अक्कांच्या कानांतून समोरची घंटा मला मागे ऐकू यायची, वरचं विमान हनुवटीखालून जायचं. साहेब सभ्य माणूस, काही बोलत नसत, पण माझ्या उमेदवारीचे दिवस संपत आले होते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझे कान मोजून माझ्यापुरती सोय झाली असती, पण कंपनीला इतरांसाठी ऐकणारा हवा होता. एका दुपारी अक्कांनी माझ्यासमोर एक डबी ठेवली. आत सिलिकॉनचे दोन मऊ तुकडे. माझ्या वळ्यांवर बसतील आणि बाहेरून त्यांच्या वळ्यांसारखे होतील असे त्यांनी स्वतः घडवले होते. उजव्या तुकड्याच्या कडेला त्यांनी एक छोटा उंचवटाही ठेवला होता, बुगडीच्या जागी. "माझे कान घाल," त्या म्हणाल्या. "झोपताना आणि आंघोळीला काढ. बाकी वेळ घालूनच फिर. चार दिवस रडशील, मग रुळशील."

मी रडलोच. बायको मागून हाक मारायची आणि मी समोरच्या भिंतीला ओ द्यायचो. देवनहळ्ळीच्या बसमध्ये कंडक्टर तिकीट म्हणाला की मी टपाकडे बघायचो. त्यालाही वर काय आहे ते बघावंसं वाटायचं. यशवंतपूरच्या घाऊक बाजारात गेलो तर हमालांच्या आरोळ्या जमिनीतून निघाल्यासारख्या येत होत्या आणि मी पोत्यावर आपटलो. संध्याकाळी डोकं भणभणायचं. मी अक्कांकडे कुरकुर केली की माझे स्वतःचे कान यात बिघडतील, मग मी ना घरचा ना घाटाचा. अक्का त्यांच्या डब्यातला चिंचेचा भात, पुळियोगरे, माझ्या ताटलीत काढत म्हणाल्या, "मी कन्नड शिकले म्हणून मराठी विसरले काय? घरचे कान घरी, माझे कान बाहेर. दोन्ही राहतात."

काही आठवडे गेले. एका सकाळी मी जिन्यात उभा होतो आणि खाली पालेभाजीवाला "सोप्पू, सोप्पू" ओरडत चालला होता. रोज त्याची आरोळी मला गच्चीवरून आल्यासारखी वाटायची. त्या दिवशी ती खाली उतरली आणि बरोबर त्याच्या गाडीवर जाऊन बसली. मी खाली पाहिलं: तो तिथेच होता. मी घाईघाईने तुकडे काढले, तर माझ्या कानांनीही तो तिथेच होता. मी ऑफिसात जाऊन हेडफोन लावले आणि समोरची घंटा समोर वाजली. मला इतका आनंद झाला की मी अक्कांच्या खोलीत चपला घालूनच शिरलो. त्यांनी आधी चपला काढायला लावल्या, मग म्हणाल्या, "आयतू, झालं. आता तू आमच्या घरचा."

त्यानंतर कितीतरी दिवस आमचा एक खेळ चालायचा. जेवणानंतर आम्ही गच्चीवर जायचो, मी त्यांचे कान घालून डोळे मिटायचो, अक्काही मिटायच्या. "कावळा?" त्या विचारायच्या आणि दोघं एकदम बोट दाखवायचो. मग डोळे उघडून बघायचं, दोन्ही बोटं एकाच जागी आहेत का. बहुतेक वेळा असायची. नसली तर अक्का म्हणायच्या, "कावळा चुकला."

मग एका सकाळी अक्का उठल्या तर उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं. आदल्या दिवसापर्यंत येत होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दारातून हाक मारली की त्या भलतीकडे वळायच्या, मोजायला आलेल्या माणसाला सतत डावीकडे बसवायच्या. हाक कुठून आली ते कळायला दोन कान लागतात, हे आमच्या ऑफिसात बेकरीवाल्यालाही ठाऊक होतं. तरी अक्कांच्या बाबतीत ते आमच्या ध्यानात यायला फार वेळ लागला. डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून हळहळ केली, औषधं दिली, डोक्याची तपासणी सांगितली. तपासणीच्या मशीनमध्ये धातू चालत नाही. सोनाराने बुगडीची तार कापून काढली. मोती अक्कांनी रुमालात बांधून आणले होते, ते दाखवत म्हणाल्या, "इतकी वर्षं फिरली नाही ती फिरकी. शेवटी कापावी लागली."

कान काही परत आला नाही. एकदा त्या स्वतःच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "लाव." मी त्यांच्याच कानांतली, डोक्याभोवती फिरणारी घंटा लावली. इतरांना ती गोल फिरताना ऐकू यायची. अक्का ऐकत राहिल्या, मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "सगळं डावीकडे येऊन बसलंय," त्या म्हणाल्या. "बस, देऊळ, तू. एकाच बाकावर." जगभरच्या माणसांना आवाजाची जागा दाखवणारं आमचं यंत्र त्यांच्यासाठी काहीच करू शकत नव्हतं, कारण त्यालाही दोन कान लागत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अक्का मात्र रडल्या नाहीत. "माझं राहू दे," त्या म्हणाल्या. "पण ते ऐकणं गेलं रे. कसं ऐकू यायचं ते आता मलाच आठवत नाही. होतं तरी का तसं?"

त्या प्रश्नाने मला छळलं. हात मोडला तर हात आठवतो. आवाजाची जागा कशी आठवायची? अक्कांना दुःख होतं ते ऐकू न येण्याचं कमी आणि आयुष्यभराचं आपलं ऐकणं कुठेच उरलं नाही याचं जास्त. पुढे देवनहळ्ळीच्या हमरस्त्यावर बसमधून उतरताना उजवीकडून गाडी आली ती त्यांना कळलीच नाही. ड्रायव्हरने कसाबसा ब्रेक मारला. धारवाडहून मुलगा आला आणि आईला घेऊन जायचं ठरलं. अक्कांनी वाद घातला नाही, हेच मला खटकलं.

त्याच सुमारास ऑफिसात साफसफाई निघाली. आता फोनने कानाचा फोटो काढून प्रत्येकाचे कान अंदाजाने बांधता येऊ लागले होते, आणि जुनी मापं नीट करून घ्यायची होती. नवा इंजिनिअर हुशार होता. त्याने अक्कांच्या रेघेतला खळगा पाहिला, मोजताना झालेली चूक समजला आणि गुळगुळीत करून टाकला. मग मला ऐकायला बसवलं. मी हेडफोन लावले आणि उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातली चिमणी मला खाली सरकलेली वाटली. थोडीशीच, पण सरकलेली. मी म्हणालो, "बुगडी काढलीत." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. त्याने न सांगता जुनी-नवी मापं उलटसुलट लावून पाहिली, आणि प्रत्येक वेळी मी बुगडी आहे की नाही ते सांगितलं. शेवटी त्याने साहेबांना बोलावलं. साहेबांनी तो खळगा पाहिला आणि ते म्हणाले, "असू दे तसंच."

अक्का जायच्या आदल्या दिवशी मी देवनहळ्ळीला गेलो. किल्ल्याच्या बाजूचं त्यांचं जुनं घर, पुढे अंगण, अंगणात शेवगा, आणि कुंपणापलीकडे जिथे पूर्वी त्यांचं शेत होतं तिथे आखलेले प्लॉट. मुलगा आत भांडी बांधत होता. अक्का पायरीवर बसल्या होत्या, मी त्यांच्या डावीकडे बसलो. त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्या कानांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चपटेच आहेत अजून." मी त्यांना खळग्याची हकीकत सांगितली. त्या आधी गंमत म्हणून ऐकत होत्या, मग गंभीर झाल्या.

"हौदा? खरंच? तुला कळलं?"

"कळलं. चिमणी खाली आली."

"म्हणजे तिथे अजून घातलेलीच आहे बुगडी."

"आहे. आणि साहेबांनी राहू दे म्हणून सांगितलंय."

 मग मी खिशातून डबी काढली. सिलिकॉन आता पिवळं पडलं होतं, डाव्या तुकड्याची कड फाटायला आली होती. मी दोन्ही तुकडे कानांत बसवले आणि डोळे मिटले. गच्चीवरचा खेळ आम्ही त्यांच्या आजारानंतर कधीच खेळलो नव्हतो; तो काढावा की नाही याची मला भीती वाटत होती. "विचारा," मी म्हणालो.

 मग अक्कांचा आवाज आला, "विमान." मी वर, मागे, डावीकडे बोट दाखवलं. "भांडी." पाठीमागे, खाली. "बुलबुल कुठं बोलतोय? मला नुसता ऐकू येतोय, कुठं ते कळत नाही." मी थांबलो, नीट ऐकलं. शेवगा कुठे आहे ते मी विसरायचा प्रयत्न केला. बुलबुल पुन्हा बोलला आणि मी उजवीकडे, बराच वर, किंचित पुढे बोट धरलं. "तिथे. वरच्या फांदीला."

पायरीवरून अक्का उठल्याचं मला कळलं. त्या चार पावलं अंगणात गेल्या. मी डोळे उघडले तेव्हा त्या माझ्या बोटाच्या रेषेत, कपाळावर हात धरून शेवग्याकडे बघत होत्या. शेंगांच्या मधे, वरच्या फांदीच्या टोकाला, लाल बुडाचा बुलबुल बसला होता. माझं बोट अजून तसंच होतं. त्यांनी एकदा बोटाकडे पाहिलं, एकदा बुलबुलाकडे, मग आपसूक त्यांचा हात उजव्या कानाच्या कडेला गेला, जिथे आता नुसतं छिद्र होतं.

"आहेत की," अक्का म्हणाल्या. "बरे आहेत माझे कान."